कार्यसंस्कृती केक कापून नव्हे, अधिकाराने बदलते!

हल्ली खासगी कंपन्यांत आणि सरकारी कार्यालयांतही कार्यसंस्कृती सुधारण्याची मोठी चर्चा चालू असते. त्यासाठी प्रशिक्षण शिबिरे होतात, भिंतीवर सुविचार लागतात, वाढदिवसाला केक कापले जातात. "आपण सगळे एक कुटुंब आहोत," असे साहेब सांगतात आणि टाळ्या पडतात. आमचा प्रश्न साधा आहे. या कुटुंबात चुकीला चूक म्हणण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे? ज्याला तो नाही, तो कर्मचारी सक्षम झाला असे कसे म्हणायचे?

कार्यसंस्कृती म्हणजे काय, हे बाबासाहेबांना कोणी शिबिरात शिकवले नाही. १९१७ मध्ये परदेशातून उच्च शिक्षण घेऊन ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत असत, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. पुढच्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तिथे सहकारी प्राध्यापकांनी त्यांच्या सामाईक माठातून पाणी पिण्याला हरकत घेतली. पदवी होती, पद होते, पगारही होता, पण माणूस म्हणून बरोबरी नव्हती. मुंबईच्या कापड गिरण्यांतही तेच! विणकाम खात्यात पगार चांगला, पण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून अस्पृश्य कामगाराला तिथे मज्जाव. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. सगळे कामगार एक, असे म्हणणाऱ्या पुढाऱ्यांना त्यांनी त्या एकीतली भेग दाखवली.

बाबासाहेबांनी यावर उपाय कोणता शोधला? मालकाच्या मनाचा मोठेपणा नव्हे, तर कायदा आणि संघटना! व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रममंत्री असताना १९४३ मध्ये त्यांनी मालकांनी कामगार संघटनेला मान्यता देणे सक्तीचे करणारे विधेयक मांडले. सक्षमीकरण ही वरून मिळणारी भेट नाही, तो खालून मागितलेला आणि कायद्याने बांधलेला हक्क आहे, हाच त्याचा अर्थ.

यावर काही जण म्हणतात, कर्मचाऱ्याला एवढे अधिकार दिले तर शिस्त मोडेल. मित्रांनो, मग गटारात उतरणाऱ्या आपल्या बांधवाकडे बघा. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवायला बंदी आहे. तिथे मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. तरी माणसे उतरतात आणि गुदमरून मरतात. का? कारण मुकादमाला "मी उतरणार नाही" असे सांगितले, तर उद्या काम मिळणार नाही. त्याच्या हाती नकाराचा अधिकार असता, तर आज तो जिवंत असता. ज्या शिस्तीत नकाराला जागा नाही, ती शिस्त नसून गुलामी आहे. आणि संघटना असली की काय घडते, तेही आपण पाहिले आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या दीर्घ लढ्यानंतर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याच्या बाजूने निकाल दिला.

दुसरा आक्षेप नेहमीचाच, "ऑफिसात जात आणू नका." जात आम्ही आणतो का? मुलाखतीत आडनाव ऐकून गाव विचारणारा आणतो, बिंदुनामावली दडवून अनुशेष वाढवणारा आणतो, पदोन्नतीच्या तोंडावर गोपनीय अहवालात शेरा खराब करणारा आणतो. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. आपल्यापैकी कितीजणांनी आपला अहवाल लेखी मागितला आहे?

लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती नेमणे २०१३ पासून बंधनकारक आहे. जातीवरून होणाऱ्या छळासाठी खासगी कंपनीत अशी समिती नेमण्याची सक्ती नाही. अमेरिकेतील सिएटल शहराने २०२३ मध्ये भेदभावविरोधी कायद्यात जात हा शब्द घातला आणि तिथल्या नोकऱ्यांनाही तो लागू झाला. मग जात जिथे जन्मली त्या देशात कंपन्यांच्या नियमावलीत हा शब्द का नसावा? ही मागणी आता आपणच उचलली पाहिजे.

थोडे आपल्याबद्दलही. आपल्यातला एखादा अधिकारी झाला की आडनाव बदलतो, १४ एप्रिलला वर्गणी देतो आणि मोकळा होतो. त्याच्याच कार्यालयातल्या कंत्राटी सफाई कामगाराला किमान वेतन मिळते की नाही, हे तो विचारत नाही. आपणही खुर्चीवर बसून शिपायाला अरे-तुरे करत असू, तर ती संस्कृती आपणच चालवत आहोत.

तेव्हा सुरुवात आपल्या टेबलापासून करूया. गोपनीय अहवाल मागा, माहिती अधिकारात बिंदुनामावली मागा, संघटनेचे सभासद व्हा आणि कंत्राटी कामगाराला बैठकीत शेजारी बसवा. साहेबांसमोर एकटा माणूस घाबरतो, पण दहा जणांच्या सहीचे निवेदन सहज फाईलबंद होत नाही. ज्या दिवशी सफाई कामगार निर्भयपणे "नाही" म्हणेल, त्या दिवशी कार्यसंस्कृती सुधारली असे आम्ही मानू.

जय भीम!