वेशीवरील गर्दी आणि घरांतील पंगत

चंद्रपूरच्या जटपुरा दरवाजापाशीं सायंकाळीं अडकून पडल्याचा अनुभव आमच्या येथील बहुतेक वाचकांस असेल. गोंडराजांनीं हा कोट बांधला तेव्हां मोटारींची कल्पना कोणास असणार? दरवाजा अरुंद, आणि मागून येणारा प्रत्येक जण पुढें घुसूं पाहणारा. मग कोणाचेंच चाक हलत नाहीं.

गेल्या महिन्यांत हाच प्रकार आमच्या घरांत घडला. आमच्या मातुःश्री नागपूरच्या डॉक्टरांशीं व्हिडिओवरून बोलत होत्या. त्याच वेळीं माडीवर पुतण्या ताडोब्याच्या सहलीचीं छायाचित्रें व चित्रफिती मित्रांस पाठवीत होता. मातुःश्रींनीं रक्तांतील साखर 'एकशें ऐंशी' म्हणून सांगितली; त्यांतील 'एकशें' वाटेंत गळालें. डॉक्टरांनीं चमकून गोळी थांबविण्यास सांगितलें. आम्ही जवळ होतों म्हणून घोटाळा उमगला. अधिक वेगाची जोडणी घ्यावी, असें घरांत सर्वांचें मत पडलें. आम्हांस तें पटलें नाहीं.

संगणकांच्या जाळ्यांतून मजकूर लहान लहान पुडक्यांनीं, म्हणजे पॅकेटांनीं, जातो. पुडकें पोंचल्याची पोंच न आल्यास पाठविणारा तेंच पुन्हा पाठवितो. १९८६ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंत याच उत्साहानें अनर्थ केला. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा व बर्कलेचें विद्यापीठ यांत अंतर अवघें ४०० यार्ड. पण त्यांमधील वेग सेकंदास ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. गर्दी म्हणून पोंच नाहीं, पोंच नाहीं म्हणून पुन्हा पाठवणी, आणि म्हणून अधिकच गर्दी! १९८८ सालीं व्हॅन जेकबसन यांनीं जो उपाय प्रसिद्ध केला, तो तार रुंद करण्याचा नव्हे, संयमाचा होता. आरंभ थोडक्यानें करावा, पोंच येईल तसतसा वेग वाढवावा, आणि पुडकें हरवलें कीं तो निम्म्यावर आणावा.

मग आमच्या घरीं काय बिघडलें? राउटरांत पुडक्यांस थांबण्यास जागा वाजवीपेक्षां मोठी होती. तेथें पुडकीं हरवत नाहींत, नुसतीं ताटकळतात. त्यामुळें पाठविणाऱ्यास गर्दीची वार्ता वेळेवर कळत नाहीं. मातुःश्रींचा एक शब्द पुतण्याच्या शेंकडों पुडक्यांमागें उभा राहिला तो असा.

यावर २०१२ सालीं कॅथलीन निकोल्स व जेकबसन यांनीं अशी युक्ति मांडली कीं, रांग किती लांब हें न पाहतां पुडकें किती वेळ थांबलें हें पाहावें. फार वेळ होऊं लागल्यास एखादें मुद्दाम टाकून द्यावें, म्हणजे पाठविणारा सावध होतो. पुढें तिला पाळीपाळीनें वाढण्याची जोड मिळाली. पंगतींत वाढपी सगळी खीर एकाच पानावर ओतीत नाहीं. तो प्रत्येक पानावर थोडी थोडी वाढीत जातो. तसेंच हें.

आमच्या राउटरांत ही सोय होती. कोणीं चालू केली नव्हती इतकेंच. ती चालू करून पाठवणीचा वेग जोडणीच्या वेगाहून किंचित् कमी ठेवला, म्हणजे रांग आमच्याच उंबऱ्यांत, आमच्या नियमानें लागते. आतां छायाचित्रें थोडीं उशिरां जातात. पण मातुःश्रींचा शब्द गळत नाहीं.

दुर्गम गांवीं मूळ जोडणीच तोकडी असते. तेथें केवळ शिस्त पुरणार नाहीं, हें खरें. पण ज्यांच्या घरीं वेग पुरेसा असून बोलणें तुटतें, त्यांनीं अधिक पैसे मोजण्यापूर्वीं आपल्या पंगतीचा वाढपी कसा वाढतो, तें एकदां पाहावें.