क्रूझची सहल आणि हुंडणावळीचा फटका

मॉन्ट्रियल आणि टोरांटो येथे स्थायिक झालेली आपल्या समाजातील मुले उन्हाळ्यात आईवडिलांना बोलावून घेतात, आणि अलीकडे सर्वांनी मिळून व्हँकुव्हरहून अलास्काच्या क्रूझला जाण्याचा बेत ठरतो. गिरमिटावर आलेल्या आपल्या पूर्वजांनी बोटीच्या प्रवासाची किंमत उसाच्या मळ्यात फेडली. त्यांची पतवंडे आज हौसेने बोटीत बसतात, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु या सहलीचा हिशेब पुष्कळ घरांत पुरता मांडला जात नाही.

2011 च्या उन्हाळ्यात कॅनडाचा डॉलर अमेरिकन डॉलरपेक्षा किंचित वर होता. फेब्रुवारी 2025 च्या आरंभी तो 70 अमेरिकन सेंटांच्याही खाली गेला. तिकीट कॅनडाच्या डॉलरांत काढले म्हणजे या घसरणीतून आपण सुटलो, असे अनेकांना वाटते. तसे नाही. मोठ्या कंपन्यांच्या बोटींवरचे खाते अमेरिकन डॉलरांत चालते. पेये, किनाऱ्यावरच्या सहली, इंटरनेट, आणि दर माणशी दर दिवशी लागणारी बक्षिशी, सर्व त्याच खात्यावर चढते.

नुसती बक्षिशीच घ्या. दिवसाला 18 अमेरिकन डॉलर धरले, तर चौघांचे सात दिवसांचे 504 होतात. कॅनडाचा डॉलर 72 सेंटांना असेल तर त्याचे 700 कॅनेडियन डॉलर पडतात. बहुतेक कॅनेडियन क्रेडिट कार्डे परकीय चलनावर अडीच टक्के आकार घेतात, म्हणजे आणखी साडेसतरा. आपल्या रुपयांत ही रक्कम वीस हजारांच्या वर जाते, आणि यात एक सरबतही आले नाही! मुलगा हे बिल वडिलांना दाखवीत नाही; पुढे कित्येक महिने व्याज भरीत राहतो.

म्हणून बक्षिशी आणि सहली तिकिटाबरोबरच कॅनडाच्या डॉलरांत भरता येतात का, हे आधी विचारावे, व कंपनीने लावलेला दर बँकेच्या दराशी ताडून पाहावा. बिल तुमच्या चलनात करून देऊ असे बोटीवर कोणी म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणावे. तो दर सहसा महागच असतो. कॅनडात राहणाऱ्यांसाठी सवलतीची भाडी निघतात, पण पाहुण्या आईवडिलांना ती मिळतीलच असे नाही. अमेरिकन डॉलरांचे खाते व त्याच चलनाचे कार्ड असेल तर अडीच टक्के वाचतात.

आणखी एक खर्च विसरला जातो. अलास्का अमेरिकेत आहे. मॉरिशसच्या पासपोर्टाला कॅनडाच्या व्हिसाखेरीज अमेरिकेचा व्हिसा लागतो, आणि तो नाकारला तरी फी परत मिळत नाही.

आमच्या मते आपल्या लोकांनी कॅनडाच्याच बोटींकडे पाहावे. तेथे भाडे कॅनडाच्या डॉलरांत आणि अमेरिकेच्या व्हिसाची गरज नाही. पश्चिमेला पोर्ट हार्डीहून प्रिन्स रुपर्टला जाणारी बी.सी. फेरीजची बोट उन्हाळ्यात दिवसाउजेडी, सुमारे सोळा तासांत, बेटांच्या मधून नेते. डोंगर व जंगल अलास्काच्या वाटेवरचेच. क्वेबेकमध्ये रिमूस्कीहून ‘बेला देगान्ये’ ही बोट सेंट लॉरेन्सच्या उत्तर किनाऱ्याने थेट ब्लाँ-साब्लोंपर्यंत जाते. ती मुळात मालाची बोट. ज्या गावांना रस्ता नाही तेथे पीठ, औषधे, मोटारी उतरवीत जाते आणि प्रवाशांनाही नेते. जुगाराचा हॉल नाही, रात्रीचे नाचगाणे नाही. ज्यांना तेच हवे त्यांनी मोठ्या बोटीनेच जावे. पण आजीला नातवंडांबरोबर गप्पा मारायच्या असतील तर हीच बरी. शिवाय खलाशांशी फ्रेंच बोलता येते, आणि ते आपल्या घरांत कोणाला येत नाही?

या बोटीवर खोल्या थोड्या असतात व उन्हाळ्यातल्या लवकर भरतात. पुढल्या वर्षीचा बेत असेल तर मुलांना आताच कळवावे.