यात्रेचा मंडप आणि खुंट्याचा प्रश्न

चैत्र ते ज्येष्ठ हे तीन महिने वऱ्हाडात उत्सवांचे, तसेच वावटळींचेही असतात. रामनवमीला मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे बंजारा समाजाचा अफाट मेळा भरतो. हनुमान जयंतीला गावोगाव पंगती उठतात. ज्येष्ठात शेगावहून पंढरीस निघालेली श्री गजानन महाराजांची पालखी आपल्या वाशीम जिल्ह्यातून पुढे जाते. एवढा जनसमुदाय उन्हाच्या ऐन तडाख्यात एकत्र यावयाचा म्हणजे सावली हवी, आणि सावली म्हणजे मंडप. दुर्दैव असे की ज्या उन्हाने मंडपाची गरज निर्माण होते, तेच ऊन दुपारनंतर ढग उभारते आणि सायंकाळी वादळ घेऊन येते. आरतीची वेळ आणि वादळाची वेळ आपल्याकडे बहुधा एकच असते.

याचा प्रत्यय फार दूर जाऊन घ्यावा लागत नाही. दिनांक ९ एप्रिल २०२३ रोजी, रविवारी रात्री, अकोला जिल्ह्यातील पारस येथे बाबूजी महाराज संस्थानात वादळी पाऊस सुरू झाला. भाविक टिनाच्या शेडखाली आश्रयास उभे राहिले. जुना, प्रचंड कडुनिंब त्या शेडवर कोसळला आणि सात जणांचा मृत्यू झाला. त्याआधी २३ जून २०१९ रोजी राजस्थानात तेव्हाच्या बाडमेर जिल्ह्यातील जसोल येथे रामकथा चालू असता वादळाने मंडप उचलला. लोखंडी सांगाडा श्रोत्यांवर आला, त्यात वीजप्रवाह उतरला आणि चौदा जणांचा तरी बळी गेला. मुंबईत घाटकोपर येथे १३ मे २०२४ रोजी एकशेवीस फूट लांब-रुंद जाहिरातफलक पेट्रोलपंपावर पडून सतरा माणसे दगावली. चाळीस फुटांहून मोठ्या फलकास तेथे परवानगी नव्हती. वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी तपासणी केली, तेव्हा त्याचा पायाच अपुरा असल्याचे निष्पन्न झाले.

या तीन घटना एकसारख्या नाहीत. पारसला झाड पडले, जसोलला मंडप उडाला, घाटकोपरला पाया उखडला. परंतु तिन्ही ठिकाणी प्रश्न जमिनीतला होता. जे वर दिसत होते त्यास खालून धरणारे पुरेसे नव्हते. आपण मात्र अशा घटनेनंतर ‘मंडप कोसळला’ असे लिहितो आणि दैवावर भार टाकून मोकळे होतो. मंडप प्रथम कोसळत नाही. तो प्रथम वर जातो. वारा छताखाली शिरून त्यास उचलतो, खुंटा निसटतो, एका कोपऱ्याचा दोर सैल पडतो, त्याचा भार शेजारच्या खुंट्यावर जातो, तोही निघतो. आणि मग सांगाडा खाली येतो. हे सर्व होण्यास मिनिटभरही लागत नाही.

वाऱ्याचे हे बळ किती असते? साधा हिशेब करून पाहू. वीस फूट रुंद आणि तीस फूट लांब असा टिनाचा मांडव घ्या. गावच्या सप्ताहात याहून मोठेच असतात. वारा ताशी पन्नास किलोमीटर वेगाने आला तर ढोबळ मानाने त्या छतावर साडेसहाशे किलोंची ओढ पडते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी शंभर झाला, की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. ती सव्वीसशे किलोंवर जाते. छताचे पत्रे स्वतः जेमतेम अडीचशे किलोंचे असतात. म्हणजे मांडव आपल्या वजनावर उभा राहील ही कल्पना व्यर्थ आहे. आठ खांब असतील तर प्रत्येकाच्या वाट्यास सव्वातीनशे किलो येतात, आणि दोर पंचेचाळीस अंशांत तिरपा बांधला असेल तर त्या दोरावरची प्रत्यक्ष ओढ साडेचारशेच्या पुढे जाते. त्यावर दीडपट-दुप्पट राखीव बळ धरणे हा कोणत्याही बांधकामाचा शिरस्ता आहे. वाऱ्याच्या भारासंबंधी भारतीय मानक ८७५, भाग ३ (२०१५) उपलब्ध आहे. त्यात तात्पुरत्या उभारणीस काहीशी सवलत दिलेली आहे. ती धरूनही आपल्याकडचा हिशेब ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासच येतो. आता बिछायत केंद्राच्या गाडीतून उतरणारी हातभर लांबीची सळई डोळ्यांसमोर आणा आणि ती साडेचारशे किलो धरील काय, हे आपणच ठरवा.

खुंटा कोणता निवडावा, हे जमीन सांगते. पैनगंगेच्या खोऱ्यातील भारी काळी जमीन उन्हाळ्यात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेगेच्या कडेला ठोकलेल्या खुंट्यास एकाच अंगाने माती असते, दुसऱ्या अंगाने पोकळी. वरून माती दगडासारखी कठीण लागते, घन मारणाऱ्यास समाधान होते, आणि इथेच फसगत होते. वाऱ्याचा भार स्थिर नसतो, तो हिसक्याहिसक्याने येतो. प्रत्येक हिसक्याने छिद्र किंचित रुंदावते, त्यात पहिल्या सरीचे पाणी उतरते, आणि सकाळी न हलणारा खुंटा संध्याकाळी लोण्यातून निघावा तसा निघतो. अशा जमिनीत गुळगुळीत सळई वापरूच नये. कोनाच्या लोखंडाचा, निदान तीन ते चार फुटांचा खुंटा भेगांपासून दूर, मंडपाच्या उलट दिशेस किंचित कलता ठोकावा, म्हणजे दोर खुंट्याशी काटकोनात राहतो. दोर खुंट्याच्या शेंड्यास न बांधता जमिनीलगत बांधावा. शेंड्यास बांधलेला दोर खुंट्याला तरफेसारखा उपटतो. एवढी एक गोष्ट सुधारण्यास पैसा लागत नाही, तरी दहातले आठ मंडप आजही शेंड्यालाच बांधलेले आम्ही पाहतो. एका खुंट्यावर भरवसा नसेल तर मागे दुसरा, त्यामागे तिसरा ठोकून एकमेकांस आवळून बांधावे. पुढच्याचे डोके मागच्याच्या पायथ्याशी बांधायचे, म्हणजे ओढ वाटली जाते.

मळसूत्राच्या पात्याचे खुंटेही आता मिळतात. ते घनाने ठोकावयाचे नसतात, दांड्याने पिळून जमिनीत उतरवावयाचे असतात. पात्यावर बसलेल्या मातीचे वजन त्यांच्या मदतीस येते, म्हणून उचल रोखण्यास ते साध्या खुंट्याहून पुष्कळ सरस ठरतात. मात्र पाते वरच्या भुसभुशीत थरातच राहिले तर त्याचा काही उपयोग नाही, आणि पिळताना हातास जोर लागला नाही तर समजावे की खालची माती धरणारी नाही.

मालेगाव-मानोऱ्याकडील बरड जमिनीत गोष्ट निराळी. वीतभर मातीखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. तेथे खुंटा अर्ध्यात अडतो, वाकतो, आणि मंडपवाला ‘घट्ट बसला’ म्हणून पुढे जातो. अडलेला खुंटा आणि बसलेला खुंटा यांत फार अंतर आहे. अशा ठिकाणी सब्बलीने किंवा यंत्राने छिद्र पाडून त्यात सळई सिमेंटने पक्की करावी, आणि सिमेंट धरण्यास काही दिवस द्यावेत. आदल्या रात्री हे काम होत नाही.

मंदिराच्या फरसबंद प्रांगणात तर खुंटाच ठोकता येत नाही. मग दोर कशाला बांधतात? हाताशी येईल त्याला: दीपमाळेला, विजेच्या खांबाला, झाडाला, क्वचित सभामंडपाच्या कोरीव स्तंभाला. भवानी काळूंनी अठराव्या शतकात बांधविलेले वाशीमचे बालाजी मंदिर आपल्या दगडांच्या वजनावर उभे आहे. अशा जुन्या वास्तूच्या खांबांवर आडवी ओढ पडावी ही कारागिरांची कल्पनाच नव्हती. फरशीत खिळा मारणेही तितकेच निरुपयोगी, कारण फरशी स्वतः सुटी असते. तेथे खांबाच्या बुडाशी वजन बांधावे लागते. दोनशे लिटरचा पाण्याने भरलेला पिंप म्हणजे दोनशे किलो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु पिंप गुळगुळीत फरशीवर घसरतो, म्हणून आडव्या ओढीस तो त्याच्या वजनाच्या निम्म्यानेही कामास येत नाही. वजन खांबालाच जखडले, खाली रबराची चटई घातली, तर बरे. झाडाविषयी तर पारसनंतर वेगळे सांगावयास नको. पार बांधताना मुळे तोडलेली, बुंध्याशी पोकळ झालेली झाडे देवस्थानांत पुष्कळ असतात. त्यांस दोर बांधणे सोडाच, त्यांच्या छायेत शेड उभारण्यापूर्वी जाणत्या माणसाकडून त्यांची पाहणी करून घेतली पाहिजे.

शास्त्राभ्यासकांना येथे ‘स्थूणानिखनन’ न्यायाची आठवण होईल. स्थूणा म्हणजे खांब, निखनन म्हणजे रोवणे. खांब रोवणारा तो एकदा ठोकून थांबत नाही. हलवून पाहतो, पुन्हा ठोकतो, पुन्हा हलवतो. तसे सिद्धान्तावर आक्षेप घेऊन घेऊन तो दृढ करावा, असा त्या न्यायाचा भाव आहे. पंडितांनी दृष्टान्त उचलला आणि मूळ कृती मात्र मंडपाच्या कामातून नाहीशी झाली, ही गंमतच म्हणावयाची. आज खुंटा ठोकला जातो. हलवून कोणी पाहत नाही. वास्तविक ही परीक्षा सोपी आहे. साखळीची कप्पी आणि धान्याच्या बाजारात असतो तसा लटकता काटा मिळवावा. मंडपाच्या प्रत्येक बाजूचा एखादा खुंटा दोराच्याच दिशेने, ठरलेल्या भारापर्यंत ओढावा आणि काही मिनिटे तसाच धरून ठेवावा. तो हळूहळू सरकू लागला तर तो नापास. मग तो अधिक खोल घ्यावा किंवा जोडीला दुसरा द्यावा. पाऊस पडून गेल्यावर ही परीक्षा पुन्हा करावी, कारण ओली जमीन ही नवी जमीन असते.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत इंद्रध्वजाच्या उभारणीवर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात ध्वजाचे कोणते अंग मोडल्यास कोणावर संकट येते, हे सांगताना दोर तुटल्यास बालकांस पीडा होते असे म्हटले आहे. शकुनावर कोणाचा विश्वास असो वा नसो. सप्ताहाच्या मंडपात कडेच्या खांबांशी, दोरांजवळ, मुलेच खेळत असतात हे प्रत्यक्षच आहे.

मग अडते कोठे? पैशापाशी अडते असे म्हणवत नाही. उत्सवाच्या अंदाजपत्रकात रोषणाई असते, ध्वनिक्षेपक असतो, स्वागतकमानी असतात. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावयाचा, हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे लहान मुलासही पाठ झाले आहे. खुंटा किती फूट असावा हे मात्र मंडळाच्या अध्यक्षांस विचारले तर ते मंडपवाल्याकडे बोट दाखवितात, मंडपवाला मजुराकडे, आणि मजूर जमिनीकडे. करार होतो तो चौरस फुटांचा व पडद्यांच्या रंगाचा. त्याच कागदावर आणखी तीन ओळी लिहून घेणे कठीण नाही: खुंटे कोणते व किती खोल, त्यांची परीक्षा कोणासमोर झाली, आणि वाऱ्याच्या किती वेगापर्यंत मंडपाखाली माणसे बसवावयाची. ही मर्यादा लिहून देण्यास जो तयार नाही, त्याचा मंडप स्वस्त असला तरी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जेथे दरवर्षी त्याच मैदानात यात्रा भरते, तेथे तर याहून चांगला उपाय आहे. दोन फूट लांब, रुंद आणि उंच असा काँक्रीटचा एक ठोकळा सुमारे पाचशे चाळीस किलोंचा होतो. वर जाड लोखंडी कडी ठेवून तो जमिनीत तीन-चार फूट खाली गाडला, तर वरच्या मातीचे वजनही त्याला मिळते. मंडपाच्या आखणीप्रमाणे असे ठोकळे एकदा गाडले की पुढची कित्येक वर्षे प्रत्येक उत्सवास तेच उपयोगी पडतात. कडी गंजते, म्हणून ती जस्त चढविलेली असावी, दरवर्षी उघडून पाहावी, आणि उत्सव नसताना तीवर झाकण असावे, नाही तर गुरांचे पाय अडकतात. संस्थानांनी सभागृहाच्या आधी हे काम हाती घ्यावे. ते दिसत नाही, त्यावर देणगीदाराचे नाव कोरता येत नाही, ही त्याची अडचण आम्ही जाणतो.

खुंटे पक्के असले तरी एक कर्तव्य उरते, आणि ते आम्हां कथा-कीर्तनकारांचे आहे. मंडपात एकाच माणसाचा आवाज सर्वांपर्यंत पोहोचतो, तो व्यासपीठावरच्या माणसाचा. जसोलला मंडप उडू लागल्यावर कथावाचकानेच श्रोत्यांना बाहेर पडण्यास सांगितले. परंतु तोवर वेळ निघून गेली होती. झाडांच्या मोठ्या फांद्या हलू लागल्या आणि छत्री धरणे अवघड झाले की वारा ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या घरात आहे असे समजावे. त्या क्षणी आख्यान कितीही रंगात असो, थांबवून लोकांना पक्क्या इमारतीकडे शांतपणे वळवावे. झाडाखाली किंवा टिनाच्या शेडखाली पाठवू नये. विजेचा मुख्य खटका बंद करण्यासाठी एक माणूस आधीच नेमलेला असावा. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे जिल्हावार इशारे भ्रमणध्वनीवर येतात. ते दुपारी चार वाजता आयोजकांनी पाहावेत आणि कीर्तनकारास गंधाक्षता लावतानाच सांगावेत. रात्रीच्या कार्यक्रमास दोन माणसे केवळ दोरांवर लक्ष ठेवण्यासाठी मंडपाबाहेर असावीत; त्यांच्यापाशी घन, चार जादा खुंटे आणि विजेरी असावी, आणि त्यांचा प्रसाद त्यांच्या जागेवर पोहोचता करावा.