खुराड्यातली धूळ, घरातला खोकला
२००६ च्या फेब्रुवारीत नवापुरात बर्ड फ्लू निघाला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने कोंबडीची धास्ती घेतली. पण रोज खुराडे झाडणाऱ्या बाईच्या छातीची चिंता कोणी केली? नेकनूरसारख्या गावात हे काम बहुधा घरच्या लक्ष्मीकडेच असते. ही धूळ म्हणजे निव्वळ माती नव्हे; तीत वाळलेली विष्ठा, पिसांचा भुगा, बुरशी असते. ५ मायक्रॉनहून बारीक कण थेट फुप्फुसात खोलवर उतरतात, दमा बळावतो. पदराने ते अडत नाहीत. माझ्या मते उपाय फार खर्चाचा नाही, मनावर घेण्याचा आहे. झाडण्याआधी पाण्याचा हलका हबका मारा, एन-९५ मास्क बांधा, वारा खेळता ठेवा. भुसा मात्र ओला राहू देऊ नका, अमोनिया सुटतो. अंडी सारे घर खाते, मग खोकला तिने एकटीनेच का सोसावा?