दुबईत पाट्या अनेक, मालक एकच

‘करमुक्त दुबई’ हे समीकरण जून २०२३ मध्ये मोडले. संयुक्त अरब अमिरातीने ३ लाख ७५ हजार दिरहॅमवरील व्यावसायिक नफ्यावर ९ टक्के कर लागू केला. वार्षिक उलाढाल ३० लाख दिरहॅमपर्यंत असलेल्या छोट्या उद्योगांना मात्र ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत संपणाऱ्या करवर्षांसाठी सवलत देण्यात आली. साहजिकच एका धंद्याचे तुकडे पाडण्याचा मोह होतो. उपाहारगृह एका कंपनीत, डबे पोहोचविणे दुसरीत, मसाल्यांची आयात तिसरीत! व्यवसाय खरोखरच स्वतंत्र असतील तर त्यात गैर काही नाही. परंतु ग्राहक, कर्मचारी, पैसा आणि निर्णय एकाच ठिकाणचे असतील, तर ही विभागणी कृत्रिम ठरून सवलत हातची जाऊ शकते. वैयक्तिक परवान्यावरील दुकाने तर कायद्याच्या दृष्टीने एकाच व्यक्तीची. त्यांची उलाढाल एकत्रच मोजली जाते.

भारताचाही विचार करावा लागतो. येथील उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक आणि अन्य कोणत्याही देशात वैयक्तिक करदायित्व नाही, अशा अनिवासी नागरिकाला २०२० च्या वित्त कायद्याने ‘निवासी’ मानले. भारतातून नियंत्रित होणाऱ्या त्याच्या परदेशी व्यवसायाचे उत्पन्न मग येथे करपात्र ठरते. पुण्यातील भावाने हिशेब लिहिणे वेगळे आणि धंद्याचे निर्णय घेणे वेगळे. हा फरक कागदोपत्री दिसायलाच हवा.