गणित वाचून येत नाही

पूर्वपरीक्षा संपली की बारावीच्या घरात एक ठरलेले दृश्य दिसते. समोर सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांचा संच, हातात हायलायटर, आणि पानामागून पान उलटत डोलणारी मान: ‘हे येतं, हेही येतं.’ पुढे परीक्षेच्या वर्गात त्याच प्रकारचा प्रश्न थोडा फिरवून येतो आणि पहिली ओळच सुचत नाही. मग घरात निकाल लावला जातो, ‘गणिताचं डोकं नाही.’ हा निकाल घाईचा आहे. अनेकदा दोष डोक्याचा नसतो, शेवटच्या दोन महिन्यांतील अभ्यासाच्या पद्धतीचा असतो. आणि पद्धत बदलता येते.

भिंगारला हे वेगळे पटवून देण्याची गरज पडू नये. हे गाव छावणीच्या कुशीत वाढले. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि यांत्रिक पायदळाचे केंद्र, दोन्ही नगरमध्येच आहेत. रणगाड्याची पुस्तिका दहा वेळा वाचून कोणी चालक होत नाही, हे येथील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. गणिताला मात्र आपण तो नियम लावत नाही. दुसऱ्याने सोडवलेले उदाहरण समजणे आणि कोऱ्या कागदावर ते स्वतः सोडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यामागे भक्कम संशोधन आहे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना काही उतारे अभ्यासायला दिले. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून नंतर तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटे झाले: वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ही ओळखच ‘येतं’ असा भास निर्माण करते.

दुसरा प्रयोग थेट गणिताचा आहे. रोहरर आणि टेलर यांनी २००७ साली विद्यार्थ्यांना घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. काहींना एका प्रकारची सगळी उदाहरणे सलग दिली, काहींना प्रकार मिसळून दिले. सरावात सलग सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र सलगवाले २० टक्क्यांवर घसरले आणि मिसळवाले ६३ टक्क्यांवर टिकून राहिले. सराव सोपा जातो आहे म्हणजे तयारी चांगली होते आहे, असे नव्हे.

बारावीच्या इंटिग्रेशनमध्ये याचे कारण उघड दिसते. छेदात ‘एक्स वर्ग अधिक १’ आहे असे समजा. अंशात नुसता १ असेल तर थेट सूत्र लागते आणि उत्तर टॅन इन्व्हर्स एक्स येते. अंशात एक्स असेल तर सबस्टिट्यूशन करावे लागते आणि उत्तरात लॉग येतो. अंशात एक्स वर्ग असेल तर अंशात १ मिळवून १ वजा करायचा आणि अपूर्णांक फोडायचा. तिन्ही प्रश्न दिसायला भावंडे, रीती तीन. धड्यातील एकाच सरावसंचात रीत आधीच ठरलेली असते. ती ओळखण्याचे काम विद्यार्थ्याला करावेच लागत नाही. परीक्षेत प्रश्नाच्या डोक्यावर धड्याचे नाव नसते. तिथे गाडी अडते ती गणना येत नाही म्हणून नव्हे, रीत ओळखता येत नाही म्हणून.

बोर्डाच्या ८० गुणांच्या, तीन तासांच्या पेपरची आजवरची रचनाही हेच कौशल्य मागते. दोन गुणांच्या १२ प्रश्नांतील ८, तीन गुणांच्या १२ मधील ८ आणि चार गुणांच्या ८ मधील ५ निवडायचे असतात. योग्य प्रश्न पटकन निवडणे हीही तयारीच आहे. सीईटीत तर गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, सगळे धडे मिसळून येतात.

म्हणून उरलेल्या दिवसांत तीन सवयी लावाव्यात. पहिली, उत्तर झाकून सोडवण्याची. अडले तरी निदान दहा मिनिटे उत्तराकडे पाहू नये. ती दहा मिनिटे वाया जात नाहीत. दुसरी, रोज दहा प्रश्न किमान चार वेगवेगळ्या धड्यांतून घेण्याची: मॅट्रिसेस, व्हेक्टर, इंटिग्रेशन, प्रोबॅबिलिटी असे. तिसरी, चुकांच्या वहीची. चूक कुठे झाली, सूत्र विसरले, रीत ओळखली नाही की चिन्ह चुकले, हे एका ओळीत लिहावे आणि तोच प्रश्न तीन दिवसांनी व पुन्हा आठवड्याने कोऱ्या कागदावर सोडवावा. आठवड्यातून एकदा सकाळी अकराला घड्याळ लावून पूर्ण पेपर द्यावा. बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, तेव्हा घरीही तो कपाटात राहू द्यावा.

आता झोपेचे. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, अशी निद्रावैद्यक तज्ज्ञांची शिफारस आहे. या वयात शरीराचे घड्याळच थोडे पुढे सरकते, रात्री लवकर झोप येत नाही. बारापर्यंत जागवून पहाटे चारला उठवणे ही शिस्त नव्हे. दिवसभरात शिकलेले पक्के होण्याची वेळ त्यातून कापली जाते. पहाटेचा अभ्यास हवा असेल तर आधी घरातला टीव्ही आणि मोबाइल रात्री लवकर बंद व्हायला हवेत, आई-वडिलांचेसुद्धा.

भीतीही गणितातच उतरते. मनात चिंता घोळत असली की आकडे धरून ठेवायला लागणारी डोक्यातली जागा तीच अडवते. त्यामुळे ‘किती झालं?’ यापेक्षा ‘आज कुठं अडलं?’ हा प्रश्न घरात अधिक कामाचा. मूल जेवेनासे झाले, सलग झोपेनासे झाले किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर ते परीक्षेचे नाटक समजू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

शेवटी शाळा-महाविद्यालये आणि क्लास. अभ्यासक्रम संपल्यावर शिक्षकाने फळ्यावर एकामागून एक पेपर सोडवावेत आणि मुलांनी उतरवून घ्यावेत, ही पद्धत आता थांबली पाहिजे. त्यात सराव शिक्षकाचा होतो. तोच तास मुलांनी सोडवण्यासाठी आणि शिक्षकाने बाकांमधून फिरण्यासाठी वापरावा. पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका नुसते गुण सांगून कपाटात न ठेवता मुलांच्या हाती द्याव्यात. चुकांच्या वहीचे पहिले पान तिथेच तयार आहे. यासाठी नवा निधी लागत नाही, शासन निर्णयही लागत नाही. महागडा क्लास न परवडणाऱ्या घरातील मुलासाठी तर हाच मोठा आधार आहे. कोरा कागद, झाकलेले उत्तर आणि पुरेशी झोप या गोष्टी भिंगारमधल्या कोणत्याही घराला परवडतात.