सोडलेल्या घराची आवतणं

मैत्रिणींनो, भिशी सोडली की बायका चार दिवस विचारतात आणि मग विसरतात. मोबाइलवरच्या समाजमाध्यमांचं मात्र तसं नाही बरं का! आपण अंग काढून घेतलं तरी ई-मेल येतच राहतात. ‘तुमच्या नणंदेनं फोटो टाकला’, ‘तुमच्या पाच गोष्टी पाहायच्या राहिल्या’. मग एखादी विचारते, ‘मी तर कधीच बंद केलं, तरी यांना माझा पत्ता आठवतो कसा?’

त्याचं असं आहे. मोबाइलवरून ॲप काढलं म्हणजे खातं गेलं, असं नव्हे. घराला कुलूप लावून गावी गेलं म्हणून भाडं थांबतं का? फेसबुकचंच घ्या. तिथं ‘डीॲक्टिव्हेट’ म्हणजे नुसतं कुलूप आणि ‘डिलीट’ म्हणजे घर कायमचं रिकामं करणं. डिलीट केल्यावरही ३० दिवस विचार बदलायला मुदत असते. त्यानंतर सगळी माहिती पुसली जायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. तेव्हा बारशाचे, मुंजीचे फोटो आधी उतरवून घ्यावेत आणि मगच डिलीट करावं.

या ई-मेलांत नाव मैत्रिणीचं असतं, पण पत्र यंत्राचं असतं. लिंक्डइन या नोकरीधंद्याच्या माध्यमानं सभासदांच्या नावानं त्यांच्या ओळखीच्यांना आमंत्रणाची स्मरणपत्रं पुन्हापुन्हा धाडली, म्हणून अमेरिकेत दावा लागला होता. २०१५ साली तो १ कोटी ३० लाख डॉलरवर मिटला. तेव्हा ‘अमकी वाट पाहतेय’ वाचून जीव हळहळू देऊ नका. तिला बिचारीला त्याचा पत्ताही नसेल!

आता उपाय सांगते.

ई-मेलच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात ‘अनसबस्क्राइब’ असतं, ते दाबावं. जीमेलमध्ये पुष्कळदा ते वर, पाठवणाऱ्याच्या नावाजवळही दिसतं. घाऊक जाहिराती धाडणाऱ्यांनी एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय द्यावी आणि दोन दिवसांत ते कमी करावं, असा नियम जीमेल आणि याहूनं २०२४ च्या फेब्रुवारीपासून लावला आहे. कधी कधी एकाच माध्यमाच्या चार-पाच याद्या असतात. एक बंद केली तरी दुसरी चालू राहते, म्हणून सगळ्याच बंद कराव्यात.

मात्र आधी पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता नीट वाचावा. स्पेलिंग वेडंवाकडं असेल, ‘खातं धोक्यात, लगेच पासवर्ड द्या’ अशी घाई असेल, तर आत काहीही दाबू नये. सरळ ‘स्पॅम’ म्हणून कळवावं.

आणखी एक. पुष्कळ घरांत खातं मुलानं किंवा दिरानं उघडून दिलेलं असतं. कोणता ई-मेल दिला, पासवर्ड काय, हे आपल्याला ठाऊकच नसतं. नाव आपलं, मुलाबाळांचे फोटो आपले आणि किल्ली दुसऱ्याकडे, हे बरं नव्हे. आज दुपारी कामं आवरली की विचारून घ्या आणि पासवर्ड स्वतः बदला. त्याशिवाय खातं बंद करणंही आपल्या हाती राहत नाही.

आणि नणंदेची खुशाली हवीच असेल, तर तिला फोन करावा. यंत्रानं आवतण धाडलं म्हणून जेवायला जायलाच हवं, असं थोडंच आहे?